वाचक विचारतात : माळ्यावरचे रेडिओ, तबकड्या आणि कॅसेटी

मागील अंकात बेळगावातील रेडिओ, रेकॉर्ड आणि कॅसेटींच्या जुन्या दुकानांविषयी लेख प्रसिद्ध झाला आणि बेळगाव शहरासह खानापूर, निपाणी, चिकोडी व अथणी येथील वाचकांची पत्रे येऊ लागली. बहुतेक पत्रांत त्या दुकानांच्या आठवणी आहेत, तर काहींत घरात पडून असलेल्या यंत्रांचे पुढे काय करावे, अशी थेट विचारणा आहे. अनेकांना उपयोगी पडतील असे प्रश्न निवडून त्यांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमच्या पिढीला खडे बाजार आणि गणपत गल्लीच्या परिसरातील त्या दुकानांची जी ओढ वाटते, ती केवळ तरुणपणाच्या आठवणींमुळे, की तेथे खरोखरच असे काही मिळत होते जे आज घरबसल्या खरेदी करताना मिळत नाही? माझा मुलगा म्हणतो की आजचा तळहाताएवढा स्पीकरसुद्धा आमच्या त्या लाकडी पेटीपेक्षा स्वच्छ वाजतो. (एक निवृत्त शिक्षक, टिळकवाडी)

उत्तर : यंत्रापुरते बोलायचे तर आपल्या चिरंजीवांचे म्हणणे बऱ्याच अंशी मान्य करावे लागेल. कॅसेटची फीत जेमतेम पावणेचार मिलिमीटर रुंद असते, तिच्यावर स्टिरिओचे चार पट्टे बसवलेले असतात आणि ती सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर इतक्या संथ गतीने सरकते. एवढ्या चिंचोळ्या जागेत ध्वनी साठवल्यावर मागे सतत ‘स्स’ असा आवाज राहणारच. जुने ते सगळे सुरेल होते, असे मी म्हणणार नाही.

पण दुकानाची गोष्ट वेगळी आहे. त्या दुकानांत वस्तू ऐकून घेता येत असे, आणि ऐकण्यासाठी गिऱ्हाइकाने आपल्या ओळखीची तबकडी घरून आणावी, असे चांगला दुकानदार स्वतःच सांगत असे, कारण शंभरदा ऐकलेल्या गाण्यातच नवा स्पीकर काय वाढवतो आणि काय खातो हे कानाला कळते. मग तो घराची चौकशी करी : खोली केवढी आहे, खाली शहाबादी फरशी आहे की सारवलेली जमीन, वर कौले आहेत की स्लॅब. या प्रश्नांमागे चांगले शास्त्र होते. गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंती तार सप्तकातला आवाज परत फेकतात, त्यामुळे दुकानात गोड वाटलेला ट्विटर, म्हणजे उंच स्वरांचा छोटा स्पीकर, घरी कानाला टोचतो. कोपऱ्यात ठेवलेल्या स्पीकरचा खर्ज दोन्ही भिंतींच्या आधाराने फुगतो आणि तबल्याचा डग्गा नुसता घुमत राहतो. आपल्याकडील जुन्या घरांत स्पीकर कोनाड्यात बसवण्याची फार हौस होती. ती मोडून काढण्यात या दुकानदारांचा किती वेळ गेला असेल याची कल्पनाच केलेली बरी.

परदेशी यंत्रांवर जबर आयातशुल्क असल्याने १९९१ पूर्वी ती सरळ बाजारातून घेणे बहुतेकांना शक्य नव्हते. सोनोडाइन किंवा कॉस्मिक अशा देशी कंपन्यांचे संच, आखाती देशांतून परतणाऱ्या नातेवाइकाने आणलेला टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेटप्लेअर एकत्र), नाहीतर दुकानातच जोडून दिलेला ॲम्प्लिफायर, असे तीन मार्ग होते. तिसरा मार्ग सर्वांत स्वस्त, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा. जो माणूस मागच्या खोलीत बसून सुटे भाग डागत असे, तोच चार वर्षांनी त्या यंत्राची दुरुस्तीही करीत असे. यंत्र कोठे कच्चे आहे हे त्याला ठाऊक असे आणि ते लपवणे त्याला परवडणारे नव्हते, कारण गिऱ्हाईक दोन गल्ल्या पलीकडे राहत होते.

कॅसेट भरून देण्याचा व्यवहार तर या दुकानांचा आत्माच होता. साठ मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटच्या एका बाजूस तीस मिनिटे मिळतात. गिऱ्हाईक वहीच्या कागदावर गाण्यांची यादी देई, आणि कोणते गाणे किती मिनिटांचे हे तोंडपाठ असलेला दुकानदार त्यांचा क्रम असा लावी की बाजू संपताना शेवटचे गाणे मध्येच तुटू नये. एकाच कॅसेटवर मराठी भावगीत, त्यापाठोपाठ कन्नड दासरपद (हरिदास संतांचे भक्तिगीत) आणि मग नाट्यपद अशी यादी आपल्या भागात कोणाला विचित्र वाटत नसे. ८ जानेवारी १९५० रोजी सुरू झालेले धारवाड आकाशवाणी केंद्र आणि १९६३ पासून सांगली केंद्र, ही दोन्ही रेडिओच्या एकाच काट्यावर ऐकणाऱ्या श्रोत्यांचा हा प्रदेश आहे. शास्त्रीय गायक मल्लिकार्जुन मन्सूर धारवाड केंद्राचे संगीत सल्लागार होते, आणि त्यांचे चाहते भाषा विचारून गाणे ऐकत नव्हते. अशा कॅसेटी भरून विकणे कॉपीराइटच्या कायद्यात बसणारे नव्हते, हेही येथे नमूद केले पाहिजे. तरीही गिऱ्हाइकाची आवड ओळखून ‘हेही ऐकून बघा’ म्हणत शेवटच्या तीन मिनिटांत एखादे अनोळखी पद भरून देणारा दुकानदार हा अनेकांचा संगीतातला पहिला वाटाड्या होता. आपल्याला ज्याची ओढ वाटते ते बहुधा हेच असावे, आणि त्याला नुसती आठवण म्हणून कमी लेखण्याचे कारण नाही.

प्रश्न : घराची कौले बदलताना माळ्यावर वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ सापडला. पेटी चांगल्या स्थितीत आहे. प्लग लावून पाहावा का? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : कृपया लावू नये. अनेक वर्षे बंद असलेला व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेला, रेडिओ थेट विजेला जोडणे हा तो कायमचा निकामी करण्याचा सर्वांत जवळचा मार्ग आहे. आतील इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर असतो. यंत्र दीर्घकाळ वापरात नसेल तर हा थर क्षीण होतो आणि विजेचा पूर्ण दाब येताच कंडेन्सर तापतो, कधी फुटतो, आणि जाताना रेक्टिफायर व्हॉल्व्ह (उलटसुलट वाहणारी वीज एका दिशेची करणारा) किंवा ट्रान्सफॉर्मर बरोबर घेऊन जातो. ट्रान्सफॉर्मर जळाला तर तो पुन्हा गुंडाळून घ्यावा लागतो, आणि ते काम करणारे कारागीर आता थोडे उरले आहेत. मेण लावलेले कागदी कंडेन्सर ओल शोषतात. खानापूर-जांबोटी पट्ट्यातील पावसाळे पाहता आपल्या रेडिओतील असे सर्व कंडेन्सर बदलावेच लागतील असे गृहीत धरावे.

जिवाचा धोकाही आहे. काही रेडिओंत ट्रान्सफॉर्मरच नसे आणि आतील लोखंडी सांगाडा थेट मेन्सला जोडलेला असे. बटणाची टोपी निघालेली असेल तर नुसता दांडा धरला तरी झटका बसू शकतो. दाब काही ठिकाणी दोनशे व्होल्टच्या वर जातो आणि प्लग काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये काही काळ टिकतो. म्हणून मागचा पुठ्ठा उघडून मऊ ब्रशने धूळ झाडावी, उंदरांनी वायर कुरतडली आहे का ते पाहावे, आणि पुढचे काम जाणकारावर सोपवावे. तो आधी कंडेन्सर बदलेल आणि मग साठ किंवा शंभर वॅटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे रेडिओच्या विजेच्या वाटेतच, जोडून वीज देईल. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, लख्ख पेटून राहिला तर आत कोठेतरी शॉर्ट आहे. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. व्हॉल्व्ह मिळतील की नाही, ही चिंता मात्र करू नये. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये व्हॉल्व्ह मोठ्या प्रमाणावर तयार होत असत आणि जुन्या साठ्यातील व्हॉल्व्ह आजही हाती लागतात.

रेडिओबरोबर टपाल कार्यालयाचे रेडिओ बाळगण्याच्या परवान्याचे पुस्तक सापडले तर तेही जपून ठेवावे. परवाना पद्धत १९८० च्या दशकात बंद झाली, परंतु त्या पुस्तकावर दरवर्षीच्या शुल्काची तिकिटे चिकटवलेली असत, आणि त्यांवरून रेडिओ आपल्या घरी कोणत्या वर्षी आला आणि किती वर्षे वाजता होता हे समजू शकते.

प्रश्न : आजोबांच्या ७८ फेऱ्यांच्या (मिनिटाला ७८ वेळा फिरणाऱ्या) तबकड्यांवर पांढुरकी बुरशी आली आहे. स्पिरिटने पुसाव्यात का? हल्ली मिळणाऱ्या सुटकेसच्या आकाराच्या रेकॉर्डप्लेअरवर त्या लावता येतील का? आणि काही तबकड्यांच्या शेवटी गायिका आपलेच नाव का उच्चारते? (एक वाचिका, निपाणी)

उत्तर : स्पिरिट चुकूनही वापरू नये. या तबकड्या लाखेच्या मिश्रणाच्या आहेत, आणि सुतार पॉलिशसाठी चपडा लाख स्पिरिटमध्येच विरघळवतात. आपण बुरशी पुसायला जाल आणि बुरशीबरोबर गाणेही पुसले जाईल. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य द्रवरूप साबणाचा एखादा थेंब टाकून, मऊ ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवून स्वच्छ करावे, मधले लेबल कोरडे ठेवावे, लगेच टिपून घ्यावे आणि तबकडी सावलीत उभी वाळवावी. पाण्यात भिजत ठेवू नये. नंतर नव्या कागदी पाकिटात घालून उभ्याच ठेवाव्यात. जुनी पाकिटे बुरशीचे घर असतात, पण त्यांवर दुकानाचा शिक्का असेल तर ती फेकू नयेत, वेगळी ठेवावीत. कोणती तबकडी कोणत्या पेठेतून आली हे सांगणारा पुरावा बहुधा तेवढाच उरलेला असतो.

प्लेअरच्या बाबतीत फेऱ्यांइतकेच सुईकडेही पाहावे लागते. ७८ च्या खाचेला सुमारे ७५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) टोक लागते, तर एलपीच्या, म्हणजे नंतरच्या लांब वाजणाऱ्या तबकडीच्या, सुईचे टोक साधारण २५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक असते. स्वस्त प्लेअरच्या बटणावर ७८ लिहिलेले असले तरी सुई बहुतेक वेळा एलपीचीच असते. ती खाचेच्या तळाशी, धुळीत, सैल फिरते आणि आवाज खरखरीत येतो. वेगळी सुई मिळत असेल तरच तो प्लेअर घ्यावा. चावीच्या फोनोवर लावणार असाल तर पोलादी पिन प्रत्येक बाजूस नवी घालावी, कारण त्या तबकडीतील खरखरीत मिश्रणावर पिन पहिल्याच फेरीत झिजते आणि झिजलेली पिन खाच कापते.

नाव उच्चारण्याचे कारण व्यावहारिक होते. १९०२ साली कोलकात्यात गायिका गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले तेव्हा तबकड्या छापण्याचा कारखाना भारतात नव्हता. मूळ मुद्रणे जर्मनीतील हॅनोव्हरला जात. तेथील कामगारांना गाण्याची भाषा कळत नसे, म्हणून लेबल चुकू नये यासाठी शेवटी नाव सांगण्याची प्रथा पडली. १९०८ मध्ये कोलकात्याजवळ कारखाना निघाला, तरी ती सवय काही काळ टिकली. आपल्या ज्या तबकड्यांवर असे नाव ऐकू येते त्या संग्रहातील सर्वांत जुन्या असण्याचा संभव आहे. त्या आधी स्वच्छ कराव्यात, आणि शक्यतो वारंवार वाजवू नयेत.

प्रश्न : आमच्या घरी आजीने जात्यावर म्हटलेल्या ओव्या आणि गावच्या सप्ताहातील भजने यांच्या १९८० च्या सुमारास भरलेल्या कॅसेटी आहेत. त्यांच्याबरोबर विकतच्या चित्रपटगीतांच्याही पुष्कळ आहेत. काही चिकटल्या आहेत, काहींचा आवाज दबल्यासारखा येतो. सुरुवात कोठून करावी? (एक वाचक, चिकोडी तालुका)

उत्तर : आजीपासून. चित्रपटगीतांच्या कॅसेटी लाखोंनी निघाल्या. ती गाणी कोठे ना कोठे सुरक्षित आहेत. आजीच्या ओव्यांची प्रत जगात एकच आहे आणि ती आपल्या कपाटात आहे. ज्यांच्या घरी असे घरगुती मुद्रण आहे त्या सर्वांना माझे हेच सांगणे आहे, आणि या सदरातील इतर सर्व सल्ले बाजूला ठेवून हा एक पाळला तरी चालेल.

सर्वप्रथम प्रत्येक कॅसेटच्या मागील कडेवरील दोन छोट्या पट्ट्या तोडून टाकाव्यात, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तरी मूळ आवाज पुसला जाणार नाही. नंतर खिडकीतून फितीची गुंडाळी उजेडात पाहावी. कडेवर पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे; अशी कॅसेट चांगल्या डेकमध्ये (कॅसेट वाजवण्याच्या यंत्रात) घालू नये, कारण बुरशी यंत्रातून पुढच्या कॅसेटीला लागते. ती वेगळी ठेवून जाणकाराकडे द्यावी. बाकीच्या कॅसेटी वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्याव्यात, म्हणजे वर्षानुवर्षे चिकटून बसलेले थर मोकळे होतात.

आवाज दबला असेल तर बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण निघते. हेडवर, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, तपकिरी थर साचलेला असतो. कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून तो पुसावा. किंवा कॅसेटच्या खालच्या कडेला मध्यभागी पितळी पट्टीवर जो फेल्टचा इवलासा तुकडा असतो, त्याचा गोंद सुकून तो पडलेला असतो. हा तुकडा फितीला हेडवर दाबून धरतो. तो नसेल तर आवाजातील सारी धार जाते. कोऱ्या कॅसेटचे स्क्रू काढून तिच्यातली पट्टी बसवता येते. तिसरे कारण बारकाईचे आहे. ज्या यंत्रावर मुद्रण झाले त्याच्या हेडचा कोन आणि आपल्या डेकच्या हेडचा कोन जुळत नसेल, तर उंच स्वर हरवतात. हेडच्या बाजूला स्प्रिंग असलेला एक छोटा स्क्रू असतो. त्याची मूळ जागा रंगाच्या ठिपक्याने खूण करून ठेवावी आणि ओवी चालू असताना तो अगदी किंचित, केसभर फिरवत राहावे. जात्याची घरघर खालच्या पट्टीतली असल्याने ती कोणत्याही कोनात ऐकू येते, तिच्यावरून काही कळत नाही. कान आजीच्या बांगड्यांकडे लावावा. खुंटा फिरवताना होणारी किणकिण ज्या ठिकाणी सर्वांत स्पष्ट ऐकू येईल, तेथे स्क्रू सोडावा.

मुद्रण करताना मोबाइल स्पीकरसमोर धरू नये. डेकच्या लाइन-आउटमधून तार काढून संगणकात घ्यावे, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर, वेव्ह फाइल म्हणून. मागचा ‘स्स’ काढण्याची घाई करू नये. सफाई करायची तर ती दुसऱ्या प्रतीवर करावी आणि मूळ प्रतीला हात लावू नये. प्रती तीन ठेवाव्यात, त्यांतील एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या नातेवाइकाकडे.

आणि हे सर्व चालू असताना घरातील वडीलधाऱ्यांना शेजारी बसवावे. ओवीत कोणत्या भावाचे, कोणत्या नणंदेचे नाव आले, मागे कोण बोलते आहे, मृदंगावर कोण आहे, मध्येच आलेल्या कन्नड शब्दाचा अर्थ काय, हे सांगणारी माणसे आज आहेत. त्यांचे सांगणेही त्याच वेळी मुद्रित करावे. कॅसेटवरचे लेबल वाचता येत असेल तर त्याचा फोटो काढून ठेवावा.

प्रश्न : परदेशी बनावटीचा ‘पूर्ण दुरुस्त’ रेकॉर्डप्लेअर मोबाइलवर पाहून मागवावा का? (एक वाचक, अथणी)

उत्तर : तो अमेरिकेतील असेल तर जपून. तेथील वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची (सेकंदाला ६० आवर्तनांची) आहे. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट जुळतात, हर्ट्झ जुळत नाहीत. ज्यांची मोटर थेट विजेच्या गतीवर चालते ते प्लेअर आपल्या ५० हर्ट्झवर सहाभागांपैकी पाचच भाग वेगाने फिरतात आणि हार्मोनियमच्या काळी चारमध्ये गायलेले गाणे पांढरी चारच्याही जरा खाली उतरते. मोटरची पुली बदलली आहे का, सुई आजही मिळते का, हे विचारावे आणि आपण सांगाल ती तबकडी वाजवून दाखवायला सांगावे. पाठवताना जड थाळी काढून वेगळी बांधली नाही तर मधला दांडा वाकतो.

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविकेचा विद्यार्थी आहे. ही जुनी यंत्रे दुरुस्त करायला शिकायचे आहे, पण अभ्यासक्रमात यातले काहीच नाही. कोठे शिकावे? (एक विद्यार्थी, शहापूर, बेळगाव)

उत्तर : आपले पत्र वाचून फार आनंद झाला. सीमाभागात या कामासाठी एक मोठी सोय आहे, तिच्याकडे फारसे कोणी या नजरेने पाहत नाही. जुन्या प्लेअरचे आणि डेकचे इलेक्ट्रॉनिक भाग अजून मिळतात; अडते ते यांत्रिक भागांपाशी, म्हणजे पुली, बुश, दांडा, रबरी चाक यांपाशी. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत लेथवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत काम करणारे कारागीर आहेत. दहा मिलिमीटर व्यासाच्या पुलीत एक दशांश मिलिमीटरची चूक झाली तर वेग एक टक्क्याने बदलतो आणि तंबोऱ्याबरोबर बसणाऱ्या कानाला ते कळते. म्हणून नमुना नेताना मोजमाप कॅलिपरने घेऊन कागदावर लिहून न्यावे.

विजेचे काम शिकण्यासाठी आपल्या परिसरात कोणी जुने तंत्रज्ञ असतील तर त्यांच्याकडे जावे. त्यांची दुकाने बंद झाली असली तरी माणसे घरी आहेत. त्यांतील काही मराठी बोलतील, काही कन्नड, आणि बरेचसे दोन्ही. त्यांच्याकडे हाताने काढलेली सर्किटची आरेखने आणि कोणत्या संचात कोणता भाग वारंवार जातो याच्या नोंदींच्या वह्या असण्याची शक्यता आहे. परवानगी घेऊन प्रत्येक पानाचा फोटो काढावा. पहिल्या भेटीला रिकाम्या हाताने जाऊ नये. एखादा बंद पडलेला ट्रान्झिस्टर रेडिओ घेऊन जावे, कारण त्यात नऊ व्होल्टच्या आसपासच दाब असतो आणि शिकाऊ हाताला तो निर्धोक आहे. व्हॉल्व्हच्या यंत्रांकडे नंतर वळावे. त्यांच्या वेळेचा मोबदला आधी ठरवून, दर भेटीला न चुकता द्यावा.